घरकर्ज मुदतीआधी फेडायचं तर: मिरकरवाड्याच्या मौसमाचा हिशेब

बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो. दर्याचा पैसा दर महिन्याला येत नाही. मिरकरवाडा बंदरावर घरकर्जाचा विषय निघाला की अडचण इथूनच सुरू होते. गेल्या काही वर्षांत मोहल्ल्यातली बरीच कुटुंबं दाटीच्या जुन्या घरांतून कोकणनगर, उद्यमनगर, कुवारबाव, मजगाव रोड अशा भागांत फ्लॅट घेऊन गेली. काहींनी जुन्या जागीच घर नव्याने बांधलं. पैसा बहुतेकांनी बँकेतून किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीकडून उचलला. आता प्रश्न असा येतो की हातात चार पैसे जादा आले तर ते कर्जात टाकावेत का, टाकले तर बँक दंड लावते का, आणि नक्की फायदा किती होतो?

या प्रश्नांची उत्तरं आम्ही इथे एकत्र देत आहोत. व्याजाच्या कर्जाबद्दल शरीअतचा हुकूम काय, हा उलेमांचा विषय आहे, तो आम्ही आमच्या अंगावर घेणार नाही. ज्यांनी कर्ज आधीच घेतलंय आणि ज्यांना त्यातून लवकर मोकळं व्हायचंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

हप्त्यात मुद्दल किती, व्याज किती

एक साधं उदाहरण धरू. २० लाख रुपयांचं कर्ज, व्याजदर साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता बसतो सुमारे १७,३५६ रुपये. पहिल्याच हप्त्यातले १४,१६७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होतं फक्त ३,१९० रुपयांनी. वर्षभर न चुकता हप्ते भरले, म्हणजे २ लाख ८ हजार रुपये बँकेत गेले, तरी कर्ज कमी झालेलं असतं जेमतेम ४० हजारांनी. "एवढं भरलं तरी कर्ज तिथंच कसं?" असं लोक वैतागून विचारतात. बँकेने हिशेबात काही गडबड केलेली नसते. व्याज दर वेळी उरलेल्या मुद्दलावर लागतं, आणि सुरुवातीला मुद्दल मोठं असल्यामुळे व्याजही मोठं असतं, इतकंच. २० वर्षं असंच चाललं तर एकूण व्याज सुमारे २१ लाख ६५ हजार होतं, म्हणजे घेतलेल्या रकमेपेक्षाही जास्त.

जादा भरलेला पैसा मात्र सगळाच्या सगळा मुद्दलात जातो. वरच्याच कर्जात पहिलं वर्ष संपताना एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे २६ हप्ते गळून पडतात आणि साडेतीन लाखांच्या आसपास व्याज वाचतं. हाच एक लाख पंधरावं वर्ष संपताना भरला तर साडेआठ हप्ते कमी होतात, वाचतात ४८-४९ हजार. तेव्हा जादा भरायचं असेल तर सुरुवातीच्या वर्षांत भरा. शेवटच्या चार-पाच वर्षांत धडपड करून फार काही हाती लागत नाही.

थोडं थोडं भरणाऱ्यांचाही हिशेब बघा. दर वर्षाअखेर एक हप्ता जादा भरला तर २० वर्षांचं कर्ज सव्वातीन वर्षं आधी संपतं आणि चार लाखांच्या वर वाचतात. दर वर्षी ५० हजार भरता आले तर तेच कर्ज १३ वर्षांत फिटतं. जादा भरणा सगळा मिळून सहा लाखांच्या थोडा वर होतो, व्याज वाचतं सुमारे साडेआठ लाख. या आकड्यांत व्याजदर कायम धरलाय. प्रत्यक्षात तो खालीवर होतो, त्यामुळे तुमचा आकडा वेगळा येईल.

हप्ता कमी करू की मुदत?

जादा रक्कम भरली की बँक दोनपैकी एक गोष्ट करते. एक तर मुदत तीच ठेवून हप्ता कमी करते, नाहीतर हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. वरच्या एक लाखाच्या उदाहरणात हप्ता कमी करून घेतला तर महिन्याला ८८५ रुपये हलके होतात, आणि पूर्ण मुदतीत वाचतात साधारण एक लाख. मुदत कमी केली तर साडेतीन लाख. रक्कम एकच, फक्त अर्जावर काय लिहिलं त्यावर अडीच लाखांचा फरक पडतो. काउंटरवर कुणी विचारलं नाही तरी आपण अर्जात स्पष्ट लिहायचं: "सदर रक्कम मुद्दलात जमा करून हप्ता कायम ठेवावा व मुदत कमी करावी."

दुसरी एक गफलत हमखास होते. जादा भरलेली रक्कम मुद्दलात न जाता 'आगाऊ हप्ते' म्हणून पडून राहते. पुढचे पाच-सहा हप्ते त्यातून वळते होतात आणि माणूस समजतो की कर्ज कमी झालं. खात्यात नुसते पैसे टाकून येऊ नका. अंशतः परतफेडीचा अर्ज द्या, पोच घ्या, आणि आठ-दहा दिवसांनी परतफेडीचा नवा तक्ता मागून घ्या. त्यात शिल्लक मुद्दल खाली आलेलं दिसलं तरच काम झालं असं समजा. भरणा चेकने किंवा ऑनलाइन करा, म्हणजे नोंद राहते.

व्याज रोजच्या शिल्लकेवर धरतात की महिन्याच्या की वर्षाच्या, हेही विचारून ठेवा. आता बहुतेक बँका रोजच्या शिल्लकेवर धरतात. जुन्या काही कर्जांत आणि काही पतसंस्थांत मात्र वर्षाच्या शिल्लकेवर हिशेब चालतो. तिथे मधेच भरलेल्या पैशाचा फायदा पुढचं वर्ष लागल्यावरच मिळतो, तेव्हा भरणा वर्षअखेरीच्या जवळ करावा.

मौसमाचा हिशेब

राज्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. पर्ससीनवाल्यांचं गणित तर आणखी आखूड. २०१६ च्या आदेशानुसार राज्याच्या हद्दीत पर्ससीनला परवानगी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच. म्हणजे कमाईचे महिने चार आणि हप्त्याचे बारा. त्यात वादळाचा इशारा आला की होड्या बंदरात, बांगडा-तारली रुसली की डिझेलचाही खर्च निघत नाही. खलाशाला आणि तांडेलाला पैसा मिळतो तो वाट्याने. जाळं भरलं तर वाटा, नाहीतर उधारी.

पगारदार माणसाला दर महिन्याला हजार-दोन हजार जादा भरा म्हणून सांगणं सोपं आहे. आपल्याकडे ते चालत नाही. आपल्याकडे भरणा डिसेंबर-जानेवारीत एकरकमी करणंच सोयीचं, आणि त्याआधी पुढच्या महिन्यांची तजवीज बाजूला काढायची. पर्ससीनवाल्याने जानेवारी ते ऑगस्ट असे आठ हप्ते वेगळे ठेवावेत. वरच्या उदाहरणात ही रक्कम सुमारे १ लाख ३९ हजार होते. ट्रॉलर किंवा गिलनेटवाल्याला जून-जुलैचे दोन आणि ऑगस्टचा एक असे तीन हप्ते पुरतील. शिवाय घरखर्च, होडीची डागडुजी, जाळी, रंग, बर्फ-डिझेलची पहिली भरती, खलाशांना द्यायची उचल, हे सगळं वगळून जे उरेल ते कर्जात टाका. कारण घरकर्जात टाकलेला पैसा परत काढता येत नाही. डिसेंबरात बँकेत दोन लाख भरायचे आणि जुलैत सावकाराकडून किंवा दागिने ठेवून वरच्या दराने पन्नास हजार उचलायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे आणि तो आपल्याकडे होतो.

यावर एक पर्याय काही बँका देतात. घरकर्जाचं खातं ओव्हरड्राफ्टसारखं चालतं. जादा पैसा खात्यात ठेवला की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडली की तो काढताही येतो. स्टेट बँकेचं 'मॅक्सगेन' हे त्यातलं माहितीचं नाव. अशा कर्जाचा व्याजदर साध्या कर्जापेक्षा किंचित जास्त असू शकतो. तरीही चार महिने कमावून आठ महिने खाणाऱ्या धंद्याला हा प्रकार चांगला जुळतो, असं आमचं मत आहे. अट एकच, काढायला मिळतोय म्हणून लग्नकार्यात पैसा काढून मोकळं होऊ नये.

दंड लागतो का?

फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या घरकर्जावर लागत नाही. आजही काही ठिकाणी 'दोन टक्के चार्ज पडेल' असं तोंडी सांगून माणसाला परत पाठवलं जातं, म्हणून हे नीट लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेने ५ जून २०१२ च्या परिपत्रकाने बँकांना फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क घेण्यास बंदी केली. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना अशीच बंदी नॅशनल हाउसिंग बँकेने २०११ मध्ये घातली होती. २०१४ मध्ये बँकांसाठी हा नियम व्यक्तींच्या सगळ्याच फ्लोटिंग मुदत कर्जांना लागू झाला. नंतर २ जुलै २०२५ च्या आदेशाने रिझर्व्ह बँकेने हे सगळे नियम एका जागी आणले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना ते लागू आहेत. पैसा कुठून आणला हे विचारून शुल्क लावता येत नाही, आणि 'आधी तीन वर्षं झाली पाहिजेत' अशी अटही घालता येत नाही. व्यापारी बँकेकडून फ्लोटिंग दराने घेतलेल्या छोट्या उद्योगाच्या कर्जालाही ही सवलत मिळाली आहे. होडीचं कर्ज ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांनी बँकेत मुद्दाम चौकशी करावी.

स्थिर दराच्या कर्जावर शुल्क असू शकतं, ते करारात लिहिलेलं असतं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या या नियमात येत नाहीत. त्यांचा कारभार सहकार कायद्याखाली चालतो, आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची.

या नियमांना एवढं महत्त्व का, तर जुना कायदा यात फारसा कामाला येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याचं कलम ६० गहाण सोडवण्याचा हक्क देतं, पण मुद्दल देय झाल्यानंतर. मुदतीआधी सोडवायचं तर करारात काय आहे ते बघावं लागतं. कर्जदाराला आज जी मोकळीक आहे ती मुख्यतः रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी दिलेली आहे.

बँकेने तरीही शुल्क लावलंच तर आधी शाखेत लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फोन नंबर १४४४८. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे करायची.

दर वाढला तेव्हा काय झालं

मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला. घरकर्जाचे दरही तेवढेच चढले. बऱ्याच बँकांनी हप्ता तोच ठेवला आणि मुदत गुपचूप वाढवली. पावणेसात टक्क्यांनी २० वर्षांसाठी नुकतंच घेतलेलं २० लाखांचं कर्ज घ्या. हप्ता १५,२०७ रुपये. दर सव्वानऊ झाला की महिन्याचं व्याजच १५,४१७ होतं. म्हणजे हप्ता भरूनही कर्ज वाढत राहणार. अशा तक्रारींनंतर १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हे निवडू द्या. स्थिर दराकडे जाण्याचा पर्याय द्या आणि कधीही अंशतः किंवा पूर्ण परतफेड करू द्या. दर तीन महिन्यांनी मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, हप्ते किती उरले याचं विवरण देणंही बंधनकारक झालं. हे विवरण मागून घ्या. आपलं २० वर्षांचं कर्ज २७ वर्षांचं झालंय, हे अनेकांना माहीतच नसतं.

२०२५ मध्ये चक्र उलटं फिरलं, जूनपर्यंत रेपो साडेपाचवर आला. दर उतरतो तेव्हा हप्ता कमी करून घेऊ नका, तोच चालू ठेवा. खिशाला वेगळा भार न पडता मुदत घटते.

आधी कोणतं कर्ज?

डोक्यावर एकापेक्षा जास्त कर्जं असतील तर जास्त व्याजाचं आधी फेडावं. व्यापाऱ्याची उचल, पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, पतसंस्थेचं कर्ज ही घरकर्जापेक्षा जवळपास नेहमीच महाग असतात. व्यापाऱ्याच्या उचलीवर कधी कधी कागदोपत्री व्याज नसतं, पण माल त्यालाच आणि त्याच्याच भावाने घालावा लागतो. ते व्याजच आहे, फक्त टोपलीत मोजलेलं.

"टॅक्स वाचतो, मग कर्ज कशाला फेडता?" असा सल्ला शहरातली माणसं देतात. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत ती नाही. जुन्या प्रणालीत वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी साधारण ३५ हजार वाचतात. त्यासाठी बँकेला दिलेले असतात १ लाख ६८ हजार.

सूद टळावा म्हणून कर्ज लवकर संपवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना दुसरी वाट नव्हती हेही खरं. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना घेऊन बँकेचं कर्ज एकदम मिटवणारी घरंही आहेत. व्याज थांबतं हे चांगलंच, पण नातेवाइकाचे पैसे परत करण्याची तारीख ठरवून ती लिहून काढा.

दुबईच्या भावाने भरलेले पाच लाख

हा भाग आम्ही थोडा लांबवतोय, कारण बँकेपेक्षा जास्त भांडणं इथे होतात. घर वडिलांच्या नावावर, कर्ज वडील आणि धाकट्या मुलाच्या नावावर, आणि मोठा मुलगा आखातातून पैसे पाठवून कर्ज लवकर संपवतो. बँकेच्या दृष्टीने यात काही अडचण नाही. परदेशातला माणूस आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून भारतातलं घरकर्ज फेडू शकतो. अडचण पुढे येते. वडिलांचा इंतकाल झाला की घर कुणाचं?

कागदावर घर वडिलांचं असेल तर ते सगळ्या वारसांत वाटलं जातं. पत्नी, मुलगे आणि मुलींचाही हिस्सा त्यात आला. हप्ते कुणी भरले यावरून मालकी आपोआप बदलत नाही. मोठा म्हणतो, "घर माझ्या पैशाने सुटलं." बहीण म्हणते, "अब्बांच्या नावावर आहे, माझा हक्क आहे." दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं असतं, आणि चूक असते ती पैसे देताना कुणीच काही लिहून न ठेवण्याची. मोठ्याने दिलेले पैसे वडिलांना दिलेली भेट होती की उसने? उसने असतील तर ते वडिलांवरचं कर्ज झालं, आणि मय्यतीवरचं कर्ज वारसा वाटण्याआधी फेडावं लागतं. भेट असेल तर मागता येत नाही. सूरह बकराची २८२ वी आयत, कुरआनातली सगळ्यात लांब आयत, देण्याघेण्याची लिखापढी करण्याबद्दलच आहे. आपल्यात ती पाठ असणारे पुष्कळ आहेत. तरी भावाकडून कागद मागायला लाज वाटते.

करायचं एवढंच: पैसे भरण्याआधी साध्या कागदावर तारीख, रक्कम, ती भेट की उसनी, हे लिहून दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. हिस्साच द्यायचा असेल तर वडील हयात असताना वकिलाकडून रीतसर दस्त करून घ्या. आणि हे बहिणींना माहीत असू द्या, त्यांच्यापासून लपवून केलेला कागद पुढे कोर्टातच उघडतो.

शेवटचा हप्ता भरल्यावर

इथे लोक सैल सोडतात. पूर्ण परतफेडीच्या आधी बँकेकडून तारखेसह शिल्लक रकमेचं पत्र घ्या, कारण रोजचं व्याज धरून आकडा बदलतो. रक्कम भरल्यावर बेबाकी दाखला घ्या. १ डिसेंबर २०२३ पासून नियम असा आहे की कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत बँकेने घराची मूळ कागदपत्रं परत करायची आणि नोंदवलेला बोजा उठवायचा. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद हरवले असतील तर नक्कल काढून देण्याचा खर्च बँकेचा. त्यासाठी आणखी ३० दिवस मिळतात, भरपाई ६० दिवसांनंतर सुरू होते. कागद परत घेताना कर्जाच्या वेळी दिलेल्या यादीशी एकेक ताडून बघा. कर्जदार वारला असेल तर कागद वारसांना कसे द्यायचे याची पद्धत बँकेने जाहीर केलेली असली पाहिजे, ती मागा.

कर्जाबरोबर विमा घेतला असेल तर कर्ज लवकर संपल्यामुळे उरलेल्या काळाचा काही हप्ता परत मिळतो का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या. न विचारता कुणी देत नाही.

मग बोजा. सातबारावर इतर हक्कात बँकेचं नाव असेल तर बेबाकी दाखला जोडून तलाठी कार्यालयात किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करायचा आणि फेरफार मंजूर झाल्यावर कोरा उतारा काढायचा. शहर हद्दीत मिळकत पत्रिका असेल तर नगर भूमापन कार्यालयात जायचं. सरसाई या केंद्रीय नोंदणीतला बोजा बँकेनेच काढायचा असतो, तो काढल्याची लेखी पोच मागा. महिना-दीड महिन्याने सिबिलचा अहवाल काढून त्यात खातं 'बंद' दाखवतंय का बघा. 'सेटल्ड' असं दाखवत असेल तर लगेच बँकेला लेखी कळवा, कारण त्याचा अर्थ तडजोड करून कमी पैसे भरले असा होतो, आणि पुढच्या मौसमाला होडीसाठी कर्ज मागायला गेल्यावर तोच शब्द आडवा येतो.